चार नंबरचा टॅपेट

मिस्त्रींच्या गॅरेजात ‘चालेल’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. तशी पाटी नव्हती, पण आळेफाट्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ते ठाऊक होतं. एखादा नवखा मात्र हमखास म्हणायचा, “मिस्त्री, जुनाच वायसर टाका, चालेल.” मग मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचे, फडक्याला हात पुसायचे आणि त्या माणसाला दंडाला धरून बाहेरच्या लिंबाखाली नेऊन उभं करायचे.

“चालंल म्हंजी आज चालंल. उद्याचं काय? उद्या तुमी घाटात बसून माझ्या आईचा उद्धार करणार. ऱ्हावा हितं उभं, शब्द इसरंपतुर.”

माणूस आधी हसत उभा राहायचा. पाच मिनिटांनी हसू जायचं, कारण मिस्त्री खरोखरच आत बोलवायचे नाहीत. एकदा एका मोठ्या बागायतदाराला त्यांनी अर्धा तास उभं केलं होतं. लिंबावर कावळे बसायचे आणि बागायतदाराची टोपी पांढरीशुभ्र होती. पुढचं सांगत नाही. पण ते परत आले तेव्हा ‘नवाच टाका’ म्हणाले.

आमची पंक्चरची टपरी त्यांच्या गॅरेजाला लागून होती. दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन जायची आणि मागच्या बाजूला बसून तांदूळ निवडायची, घरापेक्षा तिथं वारा जास्त म्हणून. मी कोणाशी बोलत नसे. बायकांतसुद्धा माझा आवाज निघत नसे, पुरुषांत तर मी पदर दातांत धरून खाली बघत बसायची. एक दिवस मिस्त्रींनी माझ्यापुढं घमेलंभर नट-बोल्ट आणून ठेवले आणि ह्यांना म्हणाले, “वैनींना म्हणावं, एवढं निवडून द्या. तांदळासारखंच हाय. खडे काढायचे, दाणे ठेवायचे.”

संध्याकाळपर्यंत मी सहा ढीग लावले. आटे गेलेले सातव्या ढिगात. मिस्त्री उकिडवे बसून ते ढीग बघत राहिले.

“शिकल्यात जणू वैनी?”

“चौथी,” हे म्हणाले.

“चौथी!” मिस्त्री असे म्हणाले, जणू मी कलेक्टरच झाले होते.

आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. पण चौथीत गणितात माझा पहिला नंबर होता, आणि माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट अशी होती, जी लग्नात कोणी दिली नव्हती आणि कोणाला काढून घेता येत नव्हती. त्यानंतर मी गॅरेजात इंजिनाचं सामान धुवायला लागले. मागच्या पत्र्याखाली डिझेलची परात, ब्रश आणि मी. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री तिकडं हात करून सांगायचे, “त्या आमच्या वैनी. चौथी शिकल्यात. त्यांच्या हातचं सामान धुऊन आलं, की त्याला परत बोट लावायचं न्हाई.” मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. घरी जाताना मात्र पाय हलके पडायचे.

इंजिन म्हणजे काय हे मिस्त्रींनी मला एका दुपारी समजावलं, आणि तेही माझ्याकडं पाठ करून, कारण समोर बघून बोललं की मी उठून जाईन हे त्यांना कळत होतं.

“ही लांब दांडी, तिच्यावर उंचवटे हायेत, ती कॅम. कॅम म्हंजी सासू. ती फिरती आन ढकलती, दुसरं काम न्हाई तिला. तिच्याखाली हा टॅपेट, ही नणंद. सासूचा निरोप घेऊन पळती. वॉल्व्ह म्हंजी सून. निरोप आला की दार उघडायचं. आन ही स्प्रिंग, हे माहेर. सासूनं किती बी ढकललं तरी माहेर सुनंला परत वडून घेतं आन दार लागतं. सासूनं ढकलायचं, माहेरानं वडायचं. ह्याच्यावर जग चाललंय वैनी.”

मी ब्रशनं वॉल्व्ह घासत होते. त्या दिवशी जरा हलक्या हातानं घासला.

नणंदांच्या बाबतीत ते फार कडक होते. टॅपेट आणि कॅम वर्षानुवर्षं एकमेकींवर घासलेल्या असतात, त्यांची तोंडं एकमेकींना बसलेली असतात. ज्या उंचवट्यावरचा टॅपेट त्याच उंचवट्यावर परत गेला पाहिजे. “नणंद बदलली का सासू तिला खरवडून काढती, आन सोता बी झिजती,” असं ते म्हणायचे. म्हणून धुतलेले टॅपेट मी अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवायची, इंजिनाच्या पंख्याकडच्या टोकापासून सुरू करून. ट्रे हलवायचा नाही. कोंबडी आत आली तरी आधी ट्रेवर हात.

मिस्त्रींचं वय पन्नाशीचं होतं. अंगानं काटक, कानात सदा अत्तराऐवजी ग्रीसचा बोळा असल्यासारखा काळा डाग. त्यांचे कान हे फाट्यावरचं नवलच होतं. एसटी अजून वळणापलीकडं असायची आणि मिस्त्री आतून ओरडायचे, “नगर! डायव्हर नवा हाय, क्लच खातोय.” गाडी नगरचीच निघायची. लोक पाट्या वाचायचे सोडून मिस्त्रींना विचारायचे. ते म्हणायचे, “पाटी खोटं बोलंल, इंजिन बोलणार न्हाई.” एकदा मात्र त्यांना नाशिकला सामान आणायला जायचं होतं आणि संध्याकाळी ते नगरहून परत आले. दोन्ही गाड्यांना म्हणे एकाच दिवशी नवी इंजिनं बसवली होती. “नगरला एका दोस्ताला बघायचं व्हतं,” असं त्यांनी सांगितलं. दोस्ताचं नाव काय, तर ते विसरले होते.

रोज सकाळी ते शेजारच्या हॉटेलातला पेपर मागून घ्यायचे, पाय पसरून पूर्ण उघडायचे, आणि जवळ बसलेल्याला म्हणायचे, “बघ रं, काय म्हंतोय. माझा चष्मा घरी ऱ्हायला.” त्यांचा चष्मा कायम घरीच राहायचा. मी कधी त्याचा विचार केला नाही.

कॅम घ्यायची असली की मिस्त्री ती दोरीनं लिंबाला टांगायचे आणि पान्यानं हळूच ठोकायचे. चांगली असली तर घंटेसारखी लांबवर वाजायची, आतून तडा असला तर भांडं पडल्यासारखी. एकदा लेण्याद्रीला निघालेली गाडी हवा भरायला आमच्या टपरीवर थांबली होती. कॅम वाजली तशी मागं बसलेल्या चार बायकांनी डोळे मिटून हात जोडले. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी आणखी दोनदा वाजवली.

आता तळेघरच्या जीपवाल्याचं सांगते, कारण मिस्त्री मला पूर्ण कळले ते त्याच्यामुळं.

घोडेगावहून तळेघरला माणसं नेणारी त्याची जुनी डिझेल जीप होती. डिंभ्याच्या पुढं घाट लागला की भरलेली जीप दमायची आणि सगळ्यांना उतरून चालावं लागायचं. म्हाताऱ्या त्याला तोंडावर म्हणायच्या, “आमी बसायला येतो का ढकलायला?” त्याच रस्त्यावर आता दुसऱ्या कोणाची नवी जीप सुरू झाली होती, ती कोणाला उतरवत नव्हती. पावसाळ्याच्या आत आपली जीप चढली नाही तर आपल्याला घरी बसावं लागेल, असं म्हणत तो एवढ्या लांब मिस्त्रींकडं आला. बरोबर भंगारातून घेतलेला टर्बो. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. चुलीला फुंकणी, तसं.

“टर्बो आनला, झाक केलं,” मिस्त्री म्हणाले. “आता घरात धाकटा दीर आला. त्याच्या जोगती सासू बघाय लागंल, नणंदा बघाय लागतील आन माहेर बी तपासाय लागंल.”

जीपवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी परातीत बघितलं.

मिस्त्रींकडं तेव्हा तीन कॅम होत्या. एक जीपची स्वतःची. दुसरी पुण्याच्या कोणा शर्यतवाल्यानं टाकून दिलेली, उंच उंच उंचवट्यांची, चकचकीत. तिसरी एका मोडीत निघालेल्या टर्बोच्याच इंजिनातली, काळपट, तिच्या आठ टॅपेटांसकट आणि स्प्रिंगांसकट. जीपवाल्याचा जीव दुसरीवर बसला.

“हीच टाका मिस्त्री. कशी उंच हाय! लई वडंल.”

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. त्याला घेऊन शेजारच्या हॉटेलात गेले. हॉटेलाचं मागचं दार त्यांनी आधी उघडून ठेवलं, मग जीपवाल्याला पुढच्या दारातून आत घेतलं आणि पाठीत हात घालून तसंच न थांबता मागच्या दारानं बाहेर काढलं. तो उकिरड्याजवळ जाऊन उभा राहिला.

“चहा घेतला?” मिस्त्रींनी विचारलं.

“कवा घेणार? तुमी बसू तर दिलं का!”

“तसंच हाय. ह्या उंच कॅमीत दोन्ही दारं लई येळ एकदम उघडी ऱ्हात्यात. टर्बो बिचारा फुंकून फुंकून हवा आत घालणार आन ती न जेवता मागल्या दारानं जाणार. शर्यतीला ठीक हाय. तुला घाट चढायचाय. तुला पावणा जेवून गेला पायजे.”

हॉटेलवाला म्हणाला, “मिस्त्री, पण माझं गिऱ्हाईक उकिरड्यात कशाला?”

तर काळपट सासू ठरली. मग माहेर. टर्बोची हवा वॉल्व्हला मागून ढकलते, म्हणून स्प्रिंग नेहमीपेक्षा ताठ हवी. दार वेळेवर मिटलं पाहिजे. “पण माहेर लईच ताठ असलं तर सासू आन नणंद दोघी बी झिजत्यात. तवा बेताचं ताठ.” हे बेताचं किती, ते ते दुकानातल्या काट्यावर मोजायचे. काट्यावर स्प्रिंग उभी करायची, वरून जॅकनं काड्यापेटीच्या उंचीएवढी दाबायची आणि काटा कुठं जातो ते बघायचं. आठ स्प्रिंगांपैकी दोन मी आधीच बाजूला काढून आडव्या ठेवल्या होत्या. धुताना अंगठ्याखाली त्या मऊ लागल्या होत्या. मिस्त्रींनी आठही दाबून बघितल्या आणि त्या दोनच कमी भरल्या. त्यांनी त्यांच्याखाली पत्र्याची पातळ चकती घालायचं ठरवलं आणि जीपवाल्याला म्हणाले, “बघ. आमचा काटा चौथी शिकलाय.”

ह्या कौतुकानंच घोटाळा केला. टर्बोचा पाइप बनून यायला आठवडा लागणार होता. तोवर टॅपेटांवर धूळ बसू नये म्हणून मी एकेक टॅपेट तेलाच्या फडक्यात गुंडाळला. आणि मला कोणी सांगितलं नसताना, काड्यापेटीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून, ऑइलपेंटनं त्यांच्यावर अंक घातले. एक ते आठ. सुबक, शाळेत पाटीवर काढायची तसे, शेपट्या वळवून. आठ पुड्या फळीवर ओळीनं ठेवल्या आणि गावच्या जत्रेसाठी दोन दिवस माहेरी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आले तर पाइप आधीच येऊन पोचला होता आणि इंजिन जोडून जीपमध्ये बसलेलं. जीपला आंब्याच्या पानांचं तोरण. दहा वाजता पहिल्यांदा चालू करायचं ठरलं होतं. जीपवाल्यानं नारळ आणला होता, आणि टर्बोची जीप बघायला फाट्यावरचे पंधरा-वीस जण जमले होते. मी मागं पत्र्याखाली गेले. मिस्त्रींना कुठलाही कागद फेकवत नसे, सगळे कागद ते एका तारेत ओवून ठेवायचे. काम करतील त्या क्रमानं. तारेत माझ्या आठ चिठ्ठ्या होत्या. मी सहज वाचल्या.

१, २, ३, ५, ६, ७, ८, ४.

मी पुन्हा वाचल्या. चार शेवटी कसा गेला? पडला असेल, उशिरा ओवला असेल. मग मी तो चार बघितला. माझा ४. दोन टोकं खाली वळवून एकमेकांना जोडलेला, गोल गरगरीत. आणि समोरच्या भिंतीवर पाने टांगलेले होते, त्यातल्या एकावर इंग्रजीत आठ होता. 8.

मिस्त्रींनी ओळीतला माझा चार बघितला, आठ वाचला, वैनी चुकल्या म्हणून उचलून शेवटी ठेवला. त्याच्यामागं पाच होता. माझा पाच वर उघडा, तो त्यांना पान्यावरच्या चारासारखा दिसला, म्हणजे हिशोब बरोबरच जमला. पुढचे सगळे एकेक घर सरकले. आठपैकी पाच नणंदा सासूच्या परक्या उंचवट्यांखाली गेल्या होत्या.

तेव्हा मला पेपर आठवला. घरी राहिलेला चष्मा आठवला. नगरचा दोस्त आठवला. मिस्त्रींना मराठी वाचता येत नव्हतं. एक अक्षरही नाही. त्यांना अंक यायचे ते पान्यावरचे.

बाहेर कोणीतरी म्हणालं, “चला, फोडा नारळ.”

इंजिन एकदा फिरलं की घासलंच. तशी कॅम दुसरी मिळणार नव्हती, आणि पावसाळा तोंडावर होता. ओरडायला पाहिजे होतं. पण ओरडून काय सांगणार? वीस माणसांसमोर, की मिस्त्रींना चार वाचता येत नाही? आणि मला तर वीस माणसांसमोर ‘पाणी’ म्हणतासुद्धा येत नव्हतं.

मला एवढं ठाऊक होतं, की इंजिनातलं तेल मोजायची पट्टी तीनदा बघितल्याशिवाय मिस्त्री इंजिन चालू करत नाहीत. एकदा देवासाठी, एकदा मालकासाठी, एकदा स्वतःसाठी. सगळे नारळाभोवती होते. मी जीपच्या बाजूनं झाडू घेऊन गेले, पट्टी उपसली, आणि परत येऊन माझ्या मिटलेल्या छत्रीत सोडली. मग परातीपुढं बसून काहीतरी घासायला लागले. नंतर बघितलं तर ते ह्यांच्या डब्याचं झाकण होतं.

“पट्टी कुठाय?” मिस्त्रींचा आवाज आला.

सगळ्यांनी शोधली. जीपखाली, सीटखाली, हॉटेलात, कोंबडीच्या खुराड्यात. एकानं लिंबावर बघितलं. जीपवाला कळवळून म्हणाला, “मिस्त्री, तेल तर काल तुमीच वतलंय. एक डाव पट्टीबिगर बी चालं—”

त्यानं जीभ चावली, पण उशीर झाला होता. मिस्त्रींनी त्याला नारळासकट लिंबाखाली उभं केलं.

मग ते शोधत मागं आले. मी उठले. तार त्यांच्यापुढं धरली आणि शेवटच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“चार,” मी म्हणाले.

मिस्त्रींनी चिठ्ठी बघितली. “आठ हाय.”

“चार.”

त्यांनी मागच्या चिठ्ठीवर काळं बोट ठेवलं. “मंग हा?”

“पाच.”

ते बराच वेळ बघत राहिले. तारेकडं, मग भिंतीवरच्या पान्यांकडं. बाहेर लोक हसत होते. मिस्त्रींचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. गिऱ्हाइकाला लिंबाखाली उभं केल्यावर त्याचं हसू जातं ना, तसा.

“पट्टी तुमच्याकडं हाय,” ते हळू म्हणाले.

मी छत्रीकडं बघितलं.

“उन्हाळ्यात छत्री?”

“ऊन लागतं,” मी म्हणाले.

ते बाहेर गेले. आता काय सांगतात म्हणून मी पत्र्याला कान लावला. मिस्त्री सगळ्यांपुढं मोठ्यानं म्हणाले, “आज न्हाई व्हायचं. इंजिनाचं हेड परत उघडाय लागंल. वैनींनी नंबर चुकीचं टाकलं. आठाच्या जागी चार, चाराच्या जागी पाच! चौथीचं शिक्षण, अजून काय?”

लोक खो खो हसले. मी पत्र्याला हात धरून उभी राहिले. पत्रा तापला होता, ते मला नंतर कळलं.

पुढचे चार दिवस फाट्यावर मला कोणी जाऊ दिलं नाही. हॉटेलवाला कप मोजताना म्हणायचा, “वैनी, तिनाच्या पुढं काय येतं हो? आठ का?” ड्रायव्हर बोटं दाखवून विचारायचे. ह्यांनीसुद्धा रात्री जेवताना विचारलं, “तू तर म्हणायची गणितात पहिला नंबर.” मी म्हणाले, “होता.” ते म्हणाले, “वर्गात किती पोरं होती?” मी भाकरी थापत राहिले. सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बाहेर पडलं असतं तर मिस्त्रींनी पेपर पुन्हा कधी उघडला नसता.

मिस्त्री मात्र माझ्याशी बोलेनात. हेड काढलं, टॅपेट काढले, आणि माझ्यापुढं परातीत आणून ठेवले. मी ते चिठ्ठ्यांप्रमाणं लावून दिले. पाचव्या दिवशी दुपारी फाट्यावर सामसूम असताना ते पत्र्याखाली आले, माझ्याकडं पाठ करून बसले आणि जमिनीवर खडू ठेवला.

“काढा,” ते म्हणाले. “एकापासून.”

मी काढले. ते खांद्यावरून तिरके बघत होते. त्यांनी शेजारी स्वतःचे काढले. त्यांचा चार खुर्चीसारखा आला, पाच कोयत्यासारखा. नवाला ते उलटा एक म्हणाले. तिसऱ्या वेळेला माझ्याकडं न बघता म्हणाले, “त्या दिशी माझ्या तोंडातनं गेलं ते वाईट गेलं.”

मी म्हणाले, “चार परत काढा. खालचं तोंड बंद झालं पायजे.”

एवढा आवाज माझा आला, ह्याचं आम्हा दोघांनाही नवल वाटलं.

जीप चालू झाली आणि चांगली चालू झाली. आता भरलेल्या जीपनं घाट चढायचा राहिला होता. मिस्त्री स्वतः जाणार होते. जाताना त्यांनी ह्यांना सांगितलं, “वैनींना नेतो. नंबर त्यांनी चुकवलं व्हतं, मधी बंद पडली तर ढकलायला त्याच.” हे हसले आणि हो म्हणाले.

घोडेगावात बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये अठरा माणसं, दोन नाचणीची पोती आणि एक करडू. मी मागं बायकांत बसले. डिंभं गेलं, चढ सुरू झाला. टर्बोनं शीळ धरली. जीपवाल्याचे दोन्ही हात चाकावर पांढरे पडले होते. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. ज्या वळणावर रोज उतरायची सवय, ते वळण आलं. सगळ्यांनी पिशव्या उचलल्या, चपला घातल्या. जीप थांबलीच नाही. लोक एक पाय बाहेर काढून तसेच वर निघाले. माझ्या शेजारची म्हातारी मात्र सवयीनं उतरलीसुद्धा. चढावर जीप माणसाच्या चालीनं चालली होती म्हणून तिला काही लागलं नाही. ती मागून छाती पिटत ओरडायला लागली, “आरं मेल्या, थांब! म्या उतरले तर तू थांबंना का?”

जीपवाला भर चढावर थांबला. म्हातारी आली, बसली, आणि तिथून, थांबलेल्या जागेवरून, जीप पुन्हा उचलली आणि वर गेली. जीपवाला रडत होता. कोणाला दिसू नये म्हणून तो मिस्त्रींना शिव्या देत होता.

तळेघरला लोक उतरले तरी पांगले नाहीत. बॉनेटभोवती गर्दी झाली. कोणीतरी विचारलं, “ही कुणी बनवली रं?” जीपवाल्यानं मिस्त्रींकडं बोट दाखवलं. मिस्त्री बंपरवर चढले. मला वाटलं, आता सासू-नणंद सुरू होईल.

“ऐका,” ते म्हणाले. एका दमात म्हणाले, थांबले असते तर बोलले नसते. “म्या लोकांत सांगितलं व्हतं, ह्या वैनींनी नंबर चुकवलं. ते खोटं व्हतं. आठ न्हवता. चार व्हता. ह्यांनी चारच लिवला व्हता. वाचणारा मी, मला वाचताच येत न्हाई, म्हनून म्या आठ म्हनलो. चार व्हता. फाट्यावर बी जाऊन सांगणार हाय. चार.”

माझे कान तापले. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग मागून एक फेटेवाला म्हातारा काठी टेकत पुढं आला, त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मटक्याचा आकडा विचारतात तसं, अगदी हळू आवाजात विचारलं, “चार. बरं. पर ओपनला का क्लोजला?”

सगळी गर्दी आमच्याकडं बघत होती. म्हातारा मिस्त्रींकडून माझ्याकडं वळला, कारण आकडा लिहिणारी मी होते.

मी पदर तोंडातून काढला.

“क्लोजला,” मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं खिशातून पेन काढलं आणि तळहातावर आकडा लिहून घेतला. आणखी दोघांनी लिहून घेतला. मिस्त्री बंपरवरून खाली उतरले, म्हाताऱ्याचा हात आपल्या काळ्या हातात धरून उजेडाकडं वळवला, आणि वाकून, ओठ हलवत, नीट बघितलं.

“चारच हाय,” ते म्हणाले.